रुमालात बांधलेला पाऊस

1803 सालच्या पावसाळ्यात पुण्यात पाऊस कसा झाला होता? तेव्हा तिथे पर्जन्यमापक नव्हता. मुंबईची कुलाबा वेधशाळा उभी राहायला अजून 23 वर्षं होती आणि भारतीय हवामान खातं स्थापन व्हायला 72. तरीही आज हवामानाचा इतिहास शोधणारे अभ्यासक सांगतात, की 1799 ते 1806 हा पश्चिम भारतात एकंदरीत अपुऱ्या पावसाचा काळ होता. 1780 च्या दशकाचा पूर्वार्धही तसाच गेला होता. पुढे 1813 ते 1828 या वर्षांत पावसाने हात सैल सोडला. हे त्यांना सांगितलं कुणी? जुन्या वर्तमानपत्रांनी, कंपनी सरकारच्या दप्तरांनी, मिशनऱ्यांच्या पत्रांनी, कुणाच्या तरी खासगी रोजनिशीने. पाऊस पडला, जमिनीत मुरला, ओढ्यानाल्यांनी समुद्राला जाऊन मिळाला. पण त्याच्याबद्दल कुणीतरी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या, आणि दोनशे वर्षांनी त्या दोन ओळींवरून त्याचा अंदाज बांधता येतो. इतकी थक्क करणारी गोष्ट विज्ञानातही क्वचितच भेटते.

हे काम जॉर्ज अ‍ॅडमसन आणि डेव्हिड नॅश या दोन ब्रिटिश भूगोल-अभ्यासकांचं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात 1781 ते 1860 या काळातल्या पावसाळ्यांची मालिका आहे. तिचे भाग तीन: मुंबई, पुणे आणि खंभातच्या आखाताला लागून असलेला गुजरात. आधी प्रत्येक प्रदेशाचा हिशेब वेगळा मांडला आणि मग तिन्हींचा मिळून एक केला. हे वेगळेपण का हवं, ते घाटावर राहणाऱ्याला सांगायला नको. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या पुण्यात सातशेच्या आसपास. मुंबईकर ज्या वर्षाला कोरडं म्हणेल, तेवढ्या पावसाने पुणेकराची दाणादाण उडेल. म्हणून कागदावर ‘पाऊस बेताचा’ असं वाचलं, की पहिला प्रश्न येतो तो लिहिणारा कुठे बसला होता हा.

पण इतक्या मागे जायचंच कशाला? देशभरातल्या पर्जन्यमापकांवरून तयार केलेली, अभ्यासकांच्या नेहमीच्या वापरातली मालिका 1871 पासून सुरू होते. म्हणजे आपल्या हाती जेमतेम दीडशे वर्षांचं मोजमाप आहे. मान्सूनचे काही चढउतार मात्र वीस-तीस वर्षांच्या पल्ल्याचे असतात. एवढ्या लांब पल्ल्याची लय ओळखायची, तर दीडशे वर्षांत तिची फार थोडी आवर्तनं हाताला लागतात. आज दिसणारा बदल माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे किती आणि मान्सूनच्या मूळच्या लहरीपणामुळे किती, हे ठरवायलाही मागचा लांब पट्टा लागतो. तो पट्टा कागदांत दडलेला आहे.

पाऊस लिहून ठेवणारी माणसं होती तरी कोण? ज्यांचं काही ना काही पावसावर अडलेलं होतं, ती सगळी. मुंबई बंदरातल्या व्यापाऱ्याला वारा कधी फिरतो आणि गलबतं कधी आत घ्यायची, याची काळजी. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत इंग्रजी वर्तमानपत्रं निघू लागली, त्यांच्यासाठी पहिला पाऊस ही बातमीच होती. पुढे 1832 साली ‘दर्पण’ आणि 1849 साली पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ निघालं, तेव्हा मराठी छापील कागदही या साधनांत जमा झाला. पाऊस नाही म्हणजे सारा नाही, हे ओळखून असलेला कंपनीचा कलेक्टर वरच्या साहेबाला खुलासा लिहायचा. 1813 पासून मुंबईत काम करणारे अमेरिकन मिशनरी बोस्टनला पत्रं धाडायचे. त्यांत आजार, महागाई आणि पाऊस एकाच दमात येतात. यांतल्या जवळपास कुणालाही हवामानशास्त्राची सेवा करायची नव्हती. म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची ठरते, कारण पावसाबद्दलचा एखादा सिद्धान्त खरा करून दाखवायचा हेतू त्यांच्यापैकी कुणाच्याच मनात नव्हता.

आता या शब्दांचे आकडे कसे होतात ते पाहू. अशा अभ्यासात एकेका वर्षाबद्दल सापडलेला प्रत्येक उल्लेख, तारीख, ठिकाण आणि लिहिणाऱ्याची ओळख यांसह वेगळा टिपून ठेवतात. पाऊस कधी लागला, मध्ये उघडीप किती दिवस पडली, दुबार पेरणी करावी लागली का, विहिरी कधी आटल्या, नदीला पूर कुठवर चढला, जोंधळ्याचा भाव कुठे गेला, हे सगळं त्यात येतं. मग त्या हंगामाला एका पट्टीवर जागा देतात: फार कोरडा, कोरडा, नेहमीसारखा, ओला, फार ओला. युरोपात स्विस अभ्यासक ख्रिस्तियान फिस्टर यांनी उणे 3 ते अधिक 3 अशी पट्टी रूढ केली, ती याच घराण्यातली. शेवटी खरी परीक्षा. ज्या वर्षांचे पर्जन्यमापकाचे आकडे हाताशी आहेत, त्या वर्षांचाही पाऊस आधी फक्त कागदांवरून ठरवायचा आणि मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. ती जुळली, की मोजमापच नसलेल्या वर्षांबद्दल बोलायचा अधिकार मिळतो.

या ताळ्याने एक उलटा चमत्कारही घडवला. मुंबईचे पावसाचे आकडे 1817 पासूनचे छापलेले आहेत. आकडा म्हटलं की आपण त्यापुढे मान तुकवतो. पण रोजनिश्या आणि पत्रं शेजारी ठेवल्यावर अ‍ॅडमसन आणि नॅश यांना दिसलं, की 1817 ते 1846 या काळातल्या पश्चिम भारताच्या प्रसिद्ध आकड्यांवर आंधळा विश्वास टाकता येत नाही. ज्या काळात मोजण्याच्या पद्धतीच अजून बसायच्या होत्या, तेव्हाच्या आकड्यांना पत्रातल्या चार ओळींनी प्रश्न विचारला. कुलाबा वेधशाळेत 1841 पासून हवामानाची आणि चुंबकत्वाची नियमित निरीक्षणं सुरू झाली, तेव्हा कुठे पायाखालची जमीन पक्की झाली. याच वेधशाळेत ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर आणि गणिती केरूनाना छत्रे यांनी काम केलं, हे प्रत्येक मराठी माणसाने अभिमानाने लक्षात ठेवावं.

कागद वाचणाऱ्यापुढचं सगळ्यात अवघड गणित तारखेचं. इंग्लंडने आपलं जुनं ज्यूलियन कॅलेंडर 1752 साली सोडलं. पोर्तुगालने ते 1582 सालीच टाकून दिलं होतं. समजा 1740 साली गोव्यातल्या पोर्तुगीज कारकुनाने 10 जूनला पाऊस लागला असं लिहिलं, तर त्याच दिवशी मुंबईतल्या इंग्रज कारकुनाच्या वहीत तारीख पडलेली असणार 30 मे. हा 11 दिवसांचा फरक ध्यानात घेतला नाही, तर मान्सून गोव्याच्या आधी मुंबईत पोचल्याचा अजब निष्कर्ष निघेल. कोकणपट्टीवर मान्सून दक्षिणेकडून वर सरकतो, त्यामुळे अशी चूक पकडता येते. पण जिथे ताडून पाहायला दुसरा कागदच नसेल, तिथे ती खपून जाईल.

मराठी कागदांचा हिशेब आणखी वेगळा आणि माझ्या मते आणखी सुंदर. तिथी चंद्राच्या, त्यामुळे ज्येष्ठ शुद्ध दशमी एका वर्षी मेअखेर येईल, तर दुसऱ्या वर्षी जूनच्या मध्याला. मधूनच अधिक मास येणार. तिथीवरून इंग्रजी तारीख काढायला इतिहास-अभ्यासक मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री उघडतात. शेतकऱ्याने मात्र पावसासाठी वेगळीच काळगणना वापरली, ती सूर्याच्या नक्षत्रांची. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. प्रत्येकी साधारण 13-14 दिवस. ‘मृग कोरडा गेला, आर्द्रात पेरण्या झाल्या’ एवढं वाक्य सापडलं, तरी पावसाचं आगमन एका पंधरवड्यात पक्कं बसवता येतं. मराठेशाहीच्या दप्तरात चालणाऱ्या शुहूर सनाचं नवं वर्षही सूर्य मृगात शिरला की सुरू व्हायचं. राज्याचा हिशेब आणि पेरणीचा हंगाम एकाच वेळी उघडायचे.

त्यातही एक बारकावा आहे. पंचांगातलं सौर वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा किंचित मोठं असतं. त्यामुळे 60-70 वर्षांत नक्षत्रं ऋतूंच्या तुलनेत साधारण एक दिवस पुढे सरकतात. आज मृग 7-8 जूनच्या सुमारास निघतो. तीनशे वर्षांपूर्वी तो आजच्या कॅलेंडरनुसार चार-पाच दिवस आधी निघत असे. पाऊस उशिरा येऊ लागला की मृगच पुढे सरकला, हा प्रश्न विचारल्याशिवाय जुन्या आणि नव्या नोंदींची तुलना करता येत नाही. आकाशातली इतकी संथ हालचाल शेताच्या बांधावरच्या एका वाक्यात हिशेबाला घ्यावी लागते.

तारखेनंतर येतो हेतूचा प्रश्न. साऱ्यात सूट मागणारी रयत नुकसान वाढवून सांगण्याचा संभव असतो, आणि वसुली दाखवायची असलेला कमाविसदार ते कमी करून सांगण्याचा. म्हणून दोघांचं म्हणणं जुळलं, की त्याला वजन येतं. विलायतेहून नुकत्याच आलेल्या साहेबाला पहिलाच पावसाळा प्रलयासारखा वाटणार; वीस पावसाळे काढलेल्याने ‘यंदा जरा जास्त’ म्हटलं, तर ते अधिक गंभीरपणे घ्यायचं. घडत असताना लिहिलेलं आणि पुढे आठवून सांगितलेलं यांतही फरक करावा लागतो. 1868 साली कर्नल एथरिज यांनी मुंबई इलाख्यातल्या जुन्या दुष्काळांचा अहवाल तयार केला. तो अमोल आहे, पण त्यातल्या पुष्कळ हकिकती कित्येक पिढ्यांच्या आठवणींतून गाळून आलेल्या आहेत.

अस्मानी आणि सुलतानी यांची गुंतागुंत तर जागोजागी. ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. त्यानंतर फौजांच्या धामधुमीत गावं उजाड झाली, धान्य आणि गुरं गेली, आणि मग पावसानेही दगा दिला. 1803-04 चा दख्खनचा दुष्काळ या दोन्हींचं अपत्य आहे. धान्याच्या भावावरून पाऊस मोजायला गेलं, तर लढाईची झळही पावसाच्या खात्यात जमा होईल. म्हणून भावाला विहिरीचा, नदीचा किंवा पेरणीचा पुरावा जोडावा लागतो. शोकांतिकेच्या कागदातून निव्वळ ढगांचा वाटा वेगळा काढायचा, हे फार हळुवार हाताचं काम आहे.

पुरावे एकमेकांपासून दूर असतील, तर मात्र त्यांची एकवाक्यता अंगावर काटा आणते. 1630 ते 1632 चा दुष्काळ घ्या. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी त्याबद्दल फारसीत लिहितो. इंग्रज व्यापारी पीटर मंडी त्याच वेळी सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघालेला, तो वाटेवरची प्रेतं पाहून इंग्रजीत लिहितो. आणि देहूत या दुष्काळाने ज्यांचा व्यापार बुडाला, ज्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, ते तुकोबा आपल्या अभंगात मराठीत सांगतात. बादशहाचा नोकर, कंपनीचा नोकर आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर बसणारा वाणी. तिघांनी एकमेकांचं अक्षरही वाचलं नसेल. तिघांच्याही डोक्यावर तेच कोरडं आभाळ होतं.

कागद संपतो तिथे दुसऱ्या जातीचे साक्षीदार बोलू लागतात. महाराष्ट्रात 1396 पासून बारा वर्षं चाललेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण परंपरेने जपली आहे. बारा वर्षं हा आकडा दंतकथेतला वाटावा असाच. पण बस्तरच्या जंगलातल्या दंडक गुहेत छतावरून थेंब थेंब पाणी ठिबकून चुनखडीचा एक स्तंभ वाढत होता. भरपूर पाऊस पडला की त्या पाण्यात ऑक्सिजनचं जड रूप कमी असतं, पाऊस रोडावला की जास्त. त्या स्तंभाचे पापुद्रे तपासून आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली इसवी सन 600 ते 1500 या काळाचा आलेख मांडला. त्यात चौदाव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मान्सून पुन्हा पुन्हा दीर्घकाळ दुबळा पडल्याचं दिसतं. वर्षांची संख्या सोडा. पिढ्यान् पिढ्या तोंडातोंडी आलेल्या आठवणीमागे खरोखरच कोरडी दशकं उभी होती.

झाडंही बोलतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत हेमंत बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागवानाच्या वर्तुळांवरून 523 वर्षांची मालिका उभी केली. पाण्याचा ताण पडलेल्या वर्षी सागाचं वर्तुळ अरुंद होतं. अ‍ॅडमसन आणि नॅश यांनी कागदांवरून काढलेली पश्चिम भारताची मालिका केरळातल्या वृक्षवर्तुळांवरून मांडलेल्या अवर्षणांच्या इतिहासाशी चांगली जुळते. लंडनच्या दप्तरखान्यातलं पत्र आणि केरळच्या रानातलं खोड एकाच पावसाबद्दल सारखंच बोलतात!

समुद्रावरून येणारी साक्ष याहून अफाट. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर रोज वाऱ्याची दिशा आणि जोर लिहिला जाई. पुढे कित्येक कप्तानांनी तापमापक आणि वायुभारमापकही बाळगले. 1789 ते 1834 या काळातल्या सुमारे 900 जहाजी रोजनिश्यांमधून अडीच लाखांहून अधिक नोंदी अलीकडे संगणकावर चढवल्या गेल्या. 1809 साली कुठेतरी झालेला एक अज्ञात ज्वालामुखीचा स्फोट आणि एप्रिल 1815 मधला तांबोराचा उद्रेक, या दोन्हींनंतर समुद्रावरची हवा किंचित थंड झाल्याचं त्यांत दिसतं. चहा आणि कापड वाहणाऱ्या जहाजांनी ज्वालामुखीची सावली नोंदवून ठेवली होती.

आणि आता सगळ्यात लांबचा धागा. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर मान्सून आधी ओळखता येईल का, याचा ध्यास इथल्या हवामानशास्त्रज्ञांनी घेतला. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात जगभरचे आकडे पिंजून काढले. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यावरचा हवेचा दाब एकाच तराजूच्या दोन पारड्यांसारखा वरखाली होतो, हे त्यांना दिसलं. आज आपण ज्याला एल निनो म्हणतो, तो त्याच व्यवस्थेचा भाग. इकडे मान्सून दुबळा पडतो, तेव्हा पुष्कळदा तिकडे पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर मुसळधार पाऊस कोसळतो. तिथल्या स्पॅनिश कागदांतून विल्यम क्विन आणि सहकाऱ्यांनी गेल्या साडेचार शतकांतल्या एल निनोंची यादी काढली. ती पश्चिम भारताच्या पावसाशेजारी ठेवली, की दोघांमधलं नातं काही दशकं घट्ट आणि काही दशकं सैल झाल्याचं दिसतं. हे चढउतार ठरावीक काळाने येत असावेत अशी शक्यता अ‍ॅडमसन आणि नॅश मांडतात, आणि ती तपासायला आणखी मालिका हव्यात असंही बजावतात. आजच्या मान्सूनच्या अंदाजाला या प्रश्नाचं उत्तर हवं आहे.

त्या आणखी मालिका कुठून येणार? इथे मला मनापासून बोलायचं आहे. आतापर्यंतचं हे काम मुख्यतः इंग्रजी कागदांवर झालं. आपल्याकडे मोडी लिपीतले कागद कापडी रुमालांत बांधून ठेवले आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली त्यांतून निवडलेल्या कागदांचे 45 खंड निघाले, पण ती निवड मुख्यतः राजकारणाच्या अंगाने झाली. परगण्याचे ताळेबंद, बियाण्यासाठी दिलेली तगाई, पावसाअभावी दिलेली सूट, पुराने वाहून गेलेल्या जमिनीची तक्रार, हे सगळं अजून बहुतांशी न वाचलेलं आहे. स्पेनमध्ये पावसासाठी चर्चने केलेल्या प्रार्थनांच्या नोंदींवरून अवर्षणांची तीव्रता ठरवली गेली आहे, कारण संकट जसं वाढे तसा विधीही मोठा होत जाई. आपल्याकडेही पाऊस लांबला की महादेवाचा गाभारा पाण्याने भरतात, अनुष्ठानं बसवतात. देवस्थानच्या खर्चात त्याची तिथी सापडली, तर तोही अवर्षणाचा पुरावा ठरेल. गोव्याचं दप्तर तर 1595 सालचं, दियोगो दो कौतो त्याचे पहिले प्रमुख. पोर्तुगालच्या ताफ्यांबरोबरचा पत्रव्यवहार तिथे ज्या खंडांत बांधलेला आहे, ते खंड मान्सूनच्याच नावाने ओळखले जातात.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायी फिरून माळ्यावरचे, कोनाड्यातले कागद गोळा करत. 1910 साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. तेव्हा त्या कागदांत स्वराज्याचा इतिहास शोधायचा होता. आज त्याच कागदांत आपल्या आभाळाचा इतिहास शोधायचा आहे, आणि त्यासाठी मोडी वाचणारा माणूस, पंचांग समजणारा माणूस आणि हवामानाचा अभ्यासक यांनी एका टेबलाशी बसायला हवं.

तुम्हालाही यात काही करता येईल. घरात मोडीतला रुमाल असेल, आजोबांची शेतीची वही असेल, पंचांगाच्या कडेला ‘आज पाऊस’ असं लिहिलेलं असेल, जुनी कीर्द-खतावणी असेल, तर ती रद्दीत घालू नका. प्रत्येक पानाचा तारखेसह स्वच्छ फोटो काढा आणि मूळ कागद एखाद्या अभिलेखागाराला किंवा संशोधन मंडळाला दाखवा. जमलं तर मोडी शिका; काही महिन्यांच्या सरावाने ती वाचता येऊ लागते. 1871 च्या आधीच्या महाराष्ट्राच्या पावसाचा फार मोठा हिशेब अजून मोडीत आहे, आणि तो वाचायचं काम मराठी माणसांशिवाय दुसरं कुणी करणार नाही.